उत्तर आधी, प्रस्तावना नंतर: ऑनलाइन लेख रचताना या चुका टाळा

फोन पाण्यात पडलाय. माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर घाईघाईने शोधतो आणि एक लेख उघडतो. सुरुवात अशी: ‘आजच्या धावपळीच्या युगात मोबाइल हा आपल्या जीवनाचा अविभाज्य घटक बनला आहे.’ पुढे मोबाइलचे फायदे. ‘फोन लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका’ हे वाक्य येतं पाचव्या परिच्छेदात. तोवर त्याने चार्जर लावून पाहिलेला असतो.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आपल्याला ज्या क्रमाने सुचतं त्याच क्रमाने आपण लिहितो, वाचकाची निकड मात्र वेगळी असते. मसुदा झाला की शेवटचे दोन परिच्छेद पुन्हा वाचा. खरा मुद्दा बहुतेकदा तिथेच सापडतो. तो उचलून वर आणा, आणि पहिला परिच्छेद काढून काही बिघडतंय का ते पाहा.

ओळीची सुरुवात वाया घालवू नका

वेबसाइट वापरायला सोप्या कशा होतील याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांच्या १९९७च्या पाहणीत ७९ टक्के लोकांनी नवं पान नुसतं चाळलं. शब्दन् शब्द वाचणारे होते १६ टक्के. चाळणारी नजर ओळीच्या सुरुवातीला जास्त रेंगाळते. तिथेच आपण ‘आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे’ लिहून ठेवतो.

उपशीर्षकांचंही तेच. ‘काळजी’ किंवा ‘इतर माहिती’ वाचून काहीच कळत नाही. ‘ओला फोन चार्जिंगला का लावू नये’ हे कळतं. फक्त उपशीर्षकं सलग वाचून लेखाचा गाभा हाती लागला पाहिजे. आणि ती नुसती ठळक करू नका, एडिटरमधली हेडिंगची स्टाइलच वापरा. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, लेख ऐकणारे लोक एका हेडिंगवरून दुसऱ्यावर उडी मारतात. नुसती ठळक केलेली ओळ त्यांच्या लेखी हेडिंगच नसते.

सगळंच बुलेटमध्ये (ठिपक्यांच्या यादीत) कोंबू नका

एकामागून एक करायच्या कृती असतील तर क्रमांक द्या. पण कारणमीमांसेचे तुकडे पाडले की ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘नाहीतर’ हे सांधे निखळतात. ‘फोन बंद करा’ आणि ‘चार्जिंग टाळा’ अशा दोन बुलेटमधून कारण कळत नाही. ‘आत पाणी असताना वीज दिली तर शॉर्ट सर्किट होऊ शकतं, म्हणून पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लांब ठेवा’ हे एक वाक्य वाचलेला माणूस चार्जरकडे हात नेताना थांबतो.

लिंकवर ‘इथे क्लिक करा’ लिहू नका, पलीकडे काय आहे ते लिहा.

मराठीसाठी दोन गोष्टी वेगळ्या बघाव्या लागतात. मात्रा वर, उकार खाली, त्यामुळे ओळींमधलं अंतर जरा सैल ठेवा. आणि मजकूर दोन्ही कडांना जुळवू नका. आपले शब्द लांब, मोबाइलचा पडदा अरुंद. मग एखाद्या ओळीत दोनच शब्द उरतात आणि मध्ये मोठं भगदाड पडतं. प्रकाशित करण्याआधी लेख एकदा फोनवर उघडलात तर हे लगेच दिसेल.