आवाज न करणारा व्हॉल्व्ह

गॅरेजमध्ये नवीन आलेल्या पोराला दोन-चार दिवसांतच टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली बारीक गॅप लावणं, शिकायची घाई होते. साहजिक आहे. आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेडमध्ये कॅम, पुशरॉड, रॉकर सगळं वहीत काढून झालेलं असतं आणि काम दिसायलाही सोपं: कव्हर उघडा, फीलर गेजची (ठरावीक जाडीची) पत्ती गॅपमध्ये घाला, स्क्रू फिरवा, नट आवळा. मी नागपुरात अजनीच्या बाजूला जुन्या पेट्रोल गाड्यांचं काम करतो. मारुती ८००, ओम्नी, अधूनमधून एखादी पद्मिनी, कोणाच्या तरी आजोबांची अ‍ॅम्बेसेडर. या कामात नव्याने उतरणाऱ्यांना मी जे सांगतो, ते एकदा नीट लिहून काढतोय.

टॅपेट वाजतात ही नेहमीची तक्रार. तो आवाज बंद करणं अवघड नाही. लॉकनट सैल करून स्क्रू जरासा जास्त आवळला की कुठलंही इंजिन गप्प बसतं. गिऱ्हाईक खूश होतं, पैसे देतं. मग काही महिन्यांनी गाडी एका सिलिंडरवर मिस मारायला लागते आणि हेड काढलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून खाल्लेली दिसते.

असं का होतं ते समजून घ्या, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह म्हणजे जळालेला गॅस बाहेर सोडणारा; त्याचं डोकं ज्वाळेत असतं. त्यातली बहुतेक उष्णता तो सीटवर (हेडमधल्या बसायच्या कडेवर) घट्ट बसतो तेव्हा सीटवाटे हेडमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. टॅपेटला गॅप उरली नाही, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मग उष्णता जायला वाट नाही, वरून फटीतून जळता गॅस. सैल व्हॉल्व्ह टिकटिक करतो, ठोके खाऊन थोडा झिजतो, पण चालतो. आवळलेला व्हॉल्व्ह काही न बोलता जळतो. म्हणून सहा व्हॉल्व्हपैकी एक वाजत असेल, तर मी बाकीच्या पाचांची गॅप आधी बघतो.

आता आवाज ओळखण्याकडे. पाना हातात घेण्याआधी डिपस्टिक काढा. ऑइल कमी असेल किंवा डांबरासारखं झालं असेल, तर वरचा भाग कोरडा राहून सगळेच रॉकर वाजतात. तिथे सेटिंग करून उपयोग नाही.

ऑइल ठीक असेल तर कान लावा. टॅपेटचा आवाज शिवणयंत्रासारखा हलका, धातूचा, वरच्या बाजूने येतो आणि इंजिनाच्या निम्म्या वेगाने येतो, कारण क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. आयडलला ८०० आरपीएम असेल तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात टिका. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वाजत असेल, तर क्रँकच्या फेऱ्यागणिक ठोका पडतो, जड, खालून, आणि गाडीवर भार आला की वाढतो. कानाला फरक कळत नसेल तर टायमिंग लाइटची (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याची) क्लिप एक नंबरच्या प्लगच्या वायरला लावा. डिस्ट्रिब्युटरवाल्या इंजिनात तो दिवाही क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच चमकतो. टिकटिक दिव्याच्या चालीने येत असेल तर वरचं काम. एका चमकेत दोन ठोके पडत असतील तर गिऱ्हाइकाला बसवून चहा पाजा, खर्च मोठा आहे.

भाराखाली ऐकायला आपल्याकडे चढ कमी. गाव सगळं सपाट. मी सेमिनरी हिल्सच्या चढावर नेतो, नाहीतर वर्धा रोडचा उड्डाणपूल. तिसऱ्या गिअरमध्ये चढताना आवाज जड झाला, तर तो टॅपेटचा नाही.

फसवणारे आवाज आणखी आहेत. सगळ्यात जास्त फसवतो एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा लीक. हुबेहूब टॅपेटसारखा टिकटिकतो, थंड इंजिनात जास्त, आणि मॅनिफोल्ड तापून फुगला की कमी होतो. गॅस्केटजवळ काजळीचा काळा पट्टा दिसला की समजा. थंड इंजिनातला पिस्टनचा आवाजही गरम झाल्यावर जातो, पण तो जरा बोदा असतो. डायनॅमो किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग असेल तर फॅन बेल्ट काढून अर्धा मिनिट इंजिन चालवलं की निकाल लागतो. (वॉटर पंप त्या बेल्टवर असेल तर अर्ध्या मिनिटाच्या वर नाही.) जागा शोधायला लांब पेचकसाचं टोक हेडवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवा. बाह्या वर, ओढणी-गमछा काढून ठेवा. इलेक्ट्रिक फॅन स्वतःहून सुरू होतो, तो विचारत नाही.

सेटिंग थंड इंजिनावर करायची. मेमध्ये नागपुरात इंजिन थंड होणं म्हणजे काय, हा खरा प्रश्न आहे. दुपारी बाराला आलेली गाडी चारला हात लावून बघितली तरी हेड कोमटच असतं. म्हणून उन्हाळ्यात मी टॅपेटच्या गाड्या रात्री ठेवून घेतो आणि सकाळी साडेसहाला कव्हर उघडतो. सकाळचे तीस अंश चालतात, अर्धवट तापलेलं हेड चालत नाही. बऱ्याच जुन्या इंजिनांच्या पुस्तकात थंड आणि गरम असे दोन आकडे दिलेले असतात, त्यांची गल्लत करू नका. काही इंजिनांत गरम आकडा मोठा असतो, ते बघून पोरं गोंधळतात. अ‍ॅल्युमिनियमचं हेड व्हॉल्व्हच्या पोलादापेक्षा जास्त फुगतं, म्हणून तसं. आकडा त्या-त्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्या. छोट्या पेट्रोल इंजिनांत तो साधारण ०.१५ ते ०.३० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि पुष्कळदा एक्झॉस्टचा इनलेटपेक्षा मोठा. कोणी म्हणेल, ‘पत्ती राहू दे बे, हातानेच कळते.’ ज्याचा हात पंचवीस वर्षं बसलाय त्याला कळत असेल. तुम्ही पत्ती घ्या.

८०० आणि ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं, फायरिंग ऑर्डर १-३-२. एक व्हॉल्व्ह दाबलेला असताना त्याच्या जोडीचा सेट करायचा, हा चार सिलिंडरवाला हिशेब इथे लागू होत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत सोपा उपाय असा: डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा, क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवा, रोटर ज्या सिलिंडरच्या टोकाकडे बघतो त्याचे दोन्ही रॉकर हाताने खुळखुळतात का ते पाहा. खुळखुळले की त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह सेट करा. मग क्रँक दोन तृतीयांश फेरा पुढे. पुलीवर खडूने तीन सारख्या खुणा आधीच करून ठेवल्या की अंदाज चुकत नाही. अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पुशरॉडवालं इंजिन असेल तर नवाचा हिशेब: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करा, सहावा दाबलेला असताना तिसरा. बेरीज नऊ.

पत्ती किंचित घासत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून पेचकस धरून ठेवा आणि आवळल्यावर पुन्हा मोजा. हे पुन्हा मोजणंच निम्मे लोक टाळतात. हात बसवायचा असेल तर घरच्या एखाद्या जुन्या मोटरसायकलवर बसवा. दोनच व्हॉल्व्ह, दोन स्क्रू.

गॅप बरोबर लावली तरी वाजतं, असं झालं की नवखा पोरगा वैतागून स्क्रू अजून आवळतो. थांबा. रॉकरचं किंवा स्क्रूचं टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर आपटून-आपटून त्यात खड्डा पडलेला असतो. सपाट पत्ती त्या खड्ड्याच्या कडांवर टेकते, आतली जागा मोजतच नाही. पत्ती ०.१५ दाखवते, खरी गॅप त्याहून मोठी. इथे स्क्रू किंवा रॉकर बदलायचा. रॉकर काढलाच आहे तर शाफ्टवर नख फिरवा, पायरी लागते का बघा. कॅमच्या टोकावर चट्टे किंवा खाचा असतील, तर सेटिंग महिनाभरही टिकणार नाही. हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाका. पुशरॉडच्या इंजिनात रॉड काचेवर लोळवून बघा, वाकडा असेल तर उड्या मारतो. रॉकर शाफ्टची ऑइलची भोकंही या इंजिनांत गाळाने बुजतात. बारीक तार घालून साफ करा आणि कव्हर न लावता क्षणभर चालवून प्रत्येक रॉकरवर ऑइल झिरपतंय का बघा.

गाळ भरलेल्या इंजिनात एकदम कडक फ्लश (गाळ धुणारं द्रव) टाकू नका. सुटलेला गाळ खाली जाऊन ऑइल ओढणाऱ्या स्ट्रेनरची जाळी बुजवतो आणि टॅपेटचं काम बेअरिंगपर्यंत पोहोचतं. ऑइल लवकर-लवकर दोनदा बदलणं स्वस्त पडतं. आवाज दाबायला जाड ऑइल घालणं हा प्रकार मात्र गाडी विकणाऱ्यांसाठी आहे.

हायड्रॉलिक लिफ्टर ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप भरून काढतात, म्हणून त्या इंजिनांत सहसा सेटिंग नसते. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी काही सेकंद टकटक केली आणि थांबली, तर ऑइल खाली उतरलं होतं एवढाच अर्थ. गरम झाल्यावरही थांबत नसेल तर ऑइलचा दाब आणि ग्रेड बघून मगच लिफ्टरकडे वळा.

आवळलेला, गप्प जळणारा व्हॉल्व्ह ओळखायचा कसा? आयडलला गाडी थरथरते, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरली तर ती सारखी बाहेर फडफडण्याऐवजी मधूनच आत ओढली जाते. मग सिलिंडरमधला दाब मोजायला कंप्रेशन गेज लावा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह.

आपल्याकडे हे सगळ्यात जास्त गॅसवरच्या ओम्न्यांत दिसतं. एलपीजी कोरडा जळतो, सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि गॅप आपोआप कमी होते. म्हणजे गाडी जुनी होत जाते तशी आवाजाने सुधारत जाते! मानेवाड्याचे एक काका शाळेची व्हॅन चालवतात. ओम्नीत इंजिन सीटखालीच, त्यामुळे ड्रायव्हरला प्रत्येक टीक ऐकू येते.

‘भाऊ, सेटिंग केली न तुम्ही? मग काऊन वाजते?’

‘काका, वाजू द्या थोडं. गॅसची गाडी आहे. वाजायचं थांबलं की त्या दिवशी घेऊन या.’

त्यांना पटायला वेळ लागला. पटलं ते वहीमुळे. सेटिंग करायच्या आधी प्रत्येक व्हॉल्व्हची सापडलेली गॅप मी तारीख आणि किलोमीटरसकट लिहून ठेवतो. तुम्हीही पहिल्या गाडीपासून लिहा. नुसतं ‘टॅपेट सेट केले’ या नोंदीतून काही कळत नाही. आधी काय होतं त्यावरून कोणता व्हॉल्व्ह हेडमध्ये बुडतोय ते कळतं, आणि गिऱ्हाइकाशी बोलताना हातात काहीतरी असतं. गॅसच्या गाडीला दर सर्व्हिसला गॅप बघा, पेट्रोलवाल्याला इतकी घाई नाही.

काकांच्या व्हॅनमध्ये तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट दर वेळी बाकीच्यांपेक्षा जास्त घटलेला मिळतो. कंप्रेशन अजून ठीक आहे, पण फार दिवस राहणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत हेड उतरवायचं ठरलंय. एक्झॉस्टच्या सीट काढून कडक इन्सर्ट (टणक धातूच्या सीट-रिंगा) बसवायला हेड हिंगणा एमआयडीसीतल्या मशीन शॉपला जाईल, व्हॉल्व्ह नवीन घेऊ. खर्च ऐकून काका थोडे कुरकुरले, मग एकच अट घातली: शाळा उघडायच्या आदल्या दिवशी गाडी दारात पाहिजे.