लिमिट टाकण्याआधी समासात दोन आकडे

दांडिया बाजारात माझ्या घरी बारावी सायन्सची मुलं शिकवणीला येतात. इंटिग्रेशन, म्हणजे बारीक पट्ट्यांची बेरीज करून क्षेत्रफळ-घनफळ काढणं, सुरू झालं की मागणी ठरलेली: "काकू, अजून दाखले द्या ना!" दाखल्यांना काय तोटा? पण माझी एक अट असते. आधी आकृती काढायची, मग समासात दोन आकडे लिहायचे: उत्तर याच्या खाली जाणार नाही आणि याच्या वर जाणार नाही. त्यानंतरच इंटिग्रेशन.

नेहमीचाच दाखला घ्या. य = क्ष² हा पॅराबोला आणि य = क्ष + २ ही रेषा, मधलं क्षेत्रफळ काढा. दोघांची गाठ पडते क्ष = −१ आणि क्ष = २ ला. मधोमध, क्ष = ०.५ ला, रेषा २.५ वर आणि पॅराबोला ०.२५ वर, म्हणजे उभं अंतर २.२५. पॅराबोलावरचा तो बिंदू दोन्ही टोकांना जोडला की आत मावणारा त्रिकोण मिळतो: ३ × २.२५ ÷ २ = ३.३७५. त्याच बिंदूतली स्पर्शिका आपल्या रेषेला समांतर आहे. दोन्ही टोकांतून उभ्या रेघा ओढा, की बाहेरून वेढणारा समांतरभुज चौकोन तयार: ६.७५. समासात लिहा ३.३७५ आणि ६.७५.

आता क्ष + २ − क्ष² चं इंटिग्रेशन: क्ष²/२ + २क्ष − क्ष³/३. वरचं लिमिट २ टाकून १०/३, खालचं −१ टाकून −७/६. वजाबाकी ४.५. इथे हमखास घोटाळा होतो तो वजाच्या वजाचा. तो झाला तर उत्तर येतं १३/६, म्हणजे २.१७ च्या आसपास, आणि समासातला ३.३७५ लगेच चोर पकडून देतो. आर्किमिडीजने हे क्षेत्रफळ त्रिकोणाच्या ४/३ पट असतं हे ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातच सिद्ध केलं होतं. करून बघा, ३.३७५ × ४/३ बरोबर ४.५ च.

दुसरा दाखला: य² = क्ष आणि य = क्ष − २. उभ्या पट्ट्या कापल्या तर क्ष = १ ला तुकडा पाडावा लागतो, ४/३ आणि १९/६ वेगवेगळे काढून मिळवावे लागतात. आडव्या पट्ट्या घ्या, एकाच फटक्यात काम: य + २ − य², −१ ते २. अहो, हा तर पहिलाच दाखला, क्ष-य ची अदलाबदल करून! पट्टी कुठल्या दिशेने कापायची हे आकृती सांगते, सूत्र नाही.

साइन क्ष चं ० ते २ पाय (π) इंटिग्रेशन शून्य येतं, क्षेत्रफळ मात्र ४. अक्षाखालचा भाग वेगळा काढा. बस.

घनफळासाठी मी स्वयंपाकघरातली कढई आणते. तोंड ३० सेंमी, खोली ९ सेंमी, आकार गोलाच्या तुकड्याचा. गोलाची त्रिज्या: (१५² + ९²) ÷ १८ = १७. तळापासून क्ष उंचीवर आडवी चकती कापली तर तिच्या त्रिज्येचा वर्ग ३४क्ष − क्ष². समासातले आकडे: आत मावणारा शंकू ६७५ पाय, बाहेरचा दंडगोल २,०२५ पाय. ० ते ९ इंटिग्रेशन करून येतात १७ × ८१ − २४३ = १,१३४ पाय, म्हणजे जवळजवळ ३,५६० घनसेंमी, साडेतीन लिटरहून थोडं जास्त. मग एकाला लिटरचं माप देऊन मोरीत पाठवायचं, पाणी मोजायला. पाण्याचा हिशेब थोडा कमी-जास्त येतोच, कारण बाजारातल्या कढईचा तळ जरा चपटा असतो. किती कमी-जास्त आणि का, हे मुलांनीच लिहायचं.

घरी करायला: याच कढईत तळणीसाठी ३ सेंमी तेल ओतलं. खोली एक तृतीयांश, मग तेलही एक तृतीयांश का? आधी समासात शंकू आणि दंडगोल लिहा: ९३ पाय आणि २७९ पाय. इंटिग्रेशनने १४४ पाय यायला हवेत, म्हणजे भरलेल्या कढईच्या एक अष्टमांशाहून जेमतेम जास्त. ते जमलं की निम्म्या खोलीचा दाखला करा, पण आधी अंदाज लिहून.