फुकटचे लूप घेताना आधी परवाना बघा
घरच्या लॅपटॉपवर ट्रॅक बांधत असाल तर लूपसाठी, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायच्या आवाजाच्या तुकड्यांसाठी, आधी फ्रीसाउंड धुंडाळा. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २००५ साली सुरू केलेला हा आवाजांचा ऑनलाइन साठा; खातं काढलं की डाउनलोड मोफत. परवान्याच्या फिल्टरमध्ये ‘क्रिएटिव्ह कॉमन्स झिरो’ निवडा. मग श्रेय न देताही वापरता येतं, ट्रॅक विकताही येतो. ‘अ‍ॅट्रिब्यूशन’ असेल तर मूळ आवाज देणाऱ्याचं नाव द्यावंच लागतं. ‘नॉन-कमर्शियल’ मात्र मंडळाकडून पैसे घेऊन केलेल्या गणपतीच्या ट्रॅकला चालत नाही. फाइलच्या नावातच परवाना लिहून ठेवा, सहा महिन्यांनी आठवत नाही.

हलगी मात्र आपल्या कोल्हापूरच्याच वादकाची घ्या. परवानगी विचारून, मानधन देऊन, पहाटे पंचगंगा घाटावर रेकॉर्ड करा. गेन (रेकॉर्डिंगची आवाजाची पातळी) कमी ठेवा, पहिल्याच ठोक्याला आवाज फाटतो.