प्रश्नचिन्ह, कोलन आणि एका ओळीतली अट

नव्याने आलेल्यांचा कोड तपासताना एक गोष्ट हमखास दिसते. टर्नरी ऑपरेटर, म्हणजे 'अट ? खरी असेल तर ही किंमत : नसेल तर ती' असं एका ओळीत लिहायची सोय, शिकला रे शिकला, की साधं इफ-एल्स लिहिणं कमीपणाचं वाटायला लागतं. मी त्यांना आधी एकच विचारते: अटीवरून किंमत निवडायची आहे की काम? 'शुल्क = सभासद ? ० : १००' इथे किंमत निवडली जाते, तेव्हा टर्नरी शोभते. दोन्ही बाजूंना फंक्शनं बोलावून उत्तर वाऱ्यावर सोडायचं असेल, तर इफ-एल्स लिहा.

टर्नरीत टर्नरी घालू नका. हे उदाहरण बघा:

गुण >= ७५ ? 'विशेष' : गुण >= ६० ? 'प्रथम' : 'उत्तीर्ण'

८० गुणांना जावास्क्रिप्ट 'विशेष' देते. जुनी पीएचपी मात्र डावीकडून गट पाडायची, म्हणजे पहिल्या टर्नरीचं उत्तर दुसरीची अट धरायची, आणि त्याच ओळीतून 'प्रथम' काढायची! पीएचपी ८ मध्ये कंस न घालता असं लिहिलं तर थेट एरर येते. चांगलंच झालं.

खरी गोची शून्यापाशी होते. जावास्क्रिप्टमध्ये 'सवलत || १०' (डावी बाजू 'खोटी' ठरली तर उजवी घ्या) लिहिलं आणि सवलत खरोखर ० असेल, तर उत्तर १० येतं, कारण शून्य आणि रिकामी स्ट्रिंग दोन्ही 'खोटं' धरली जातात. एररही येत नाही, त्यामुळे चूक उशिरा सापडते. २०२० च्या आवृत्तीत आलेलं '??' डावीकडे फक्त नल किंवा अनडिफाइन्ड, म्हणजे किंमतच नाही, असं असतानाच उजवीकडची किंमत घेतं. डीफॉल्ट किंमत द्यायची असेल तर आता तेच वापरा. पायथनच्या 'ऑर'मध्येही हाच सापळा आहे, आणि तिथे '??' नाही, किंमत 'नन' (पायथनमधलं 'काहीच नाही') आहे का, हे स्पष्ट तपासावं लागतं.

पायथनमध्ये क्रमही वेगळा: खरी बाजू आधी, अट मधे, 'एल्स' शेवटी. ही सोय २.५ या आवृत्तीत, २००६ साली आली. त्याआधी लोक 'अट अँड खरी किंमत ऑर खोटी किंमत' अशी जोडणी करून भागवायचे, आणि मधली किंमत शून्य असली की तेही फसायचं.

'गो' ही भाषा शिकायला घेतलीत तर टर्नरी शोधत बसू नका. ती मुद्दामच ठेवलेली नाही. कोटलिन या भाषेतही नाही, पण तिथे इफ-एल्सच किंमत परत देतं, त्यामुळे तिची उणीव भासत नाही.