प्रिसिजन आणि ट्रिक्ससाठी स्पोर्ट काइट घेताय? आधी वारा बघा

स्पोर्ट काइट म्हणजे दोन दोऱ्यांचा पतंग घ्यायचा म्हटलं की सगळे पहिलं विचारतात, कुठलं मॉडेल घेऊ. मी उलट विचारतो, तुम्ही जिथे उडवणार तिथे वारा किती असतो? कारण हा पतंग वाऱ्याप्रमाणे घ्यायचा असतो, ट्रिक्सच्या यादीप्रमाणे नाही. एकच डिझाइन बरेचदा तीन रूपांत मिळतं, अल्ट्रालाइट, स्टँडर्ड आणि व्हेंटेड. अल्ट्रालाइटच्या दांड्या बारीक आणि हलक्या, तो ताशी ५-६ किमीच्या झुळुकीवरही तरंगतो, पण वारा १८-२०च्या वर गेला की त्याचे स्प्रेडर, म्हणजे पंख ताणून धरणाऱ्या आडव्या दांड्या, वाकायला लागतात आणि कापड ताणलं जातं ते कायमचं. स्टँडर्ड साधारण ८ ते २५-३० किमीपर्यंत चालतो. व्हेंटेडमध्ये कापडाचा काही भाग जाळीचा असतो, वारा आरपार जातो म्हणून ओढ कमी बसते आणि वेगही आवाक्यात राहतो. पहिला घेताय तर स्टँडर्डच घ्या, शिकणं सगळ्यात जास्त १० ते २० किमीच्या वाऱ्यातच होतं. आणि हो, झाडं किंवा इमारतींच्या मागे उभं राहून पतंगाला नावं ठेवू नका, अडथळ्याच्या उंचीच्या निदान सातपट अंतर सोडलं नाही तर कितीही चांगला पतंग गचके खाणारच.

आता प्रिसिजन की ट्रिक. या दोघांना पतंगाकडून वेगवेगळं काहीतरी हवं असतं आणि हे घेण्याआधी नीट समजून घ्या. प्रिसिजन म्हणजे सरळ रेषा, काटकोनात वळण, जमिनीपासून गुडघाभर उंचीवरून आडवं जाणं, आणि हे सगळं एकाच वेगात. त्यासाठी पतंग वळला की वळणं तिथेच थांबलं पाहिजे, नाक पुढे जाऊन डुगडुगता कामा नये. पोट खोल असलेले, लांब पंखांचे पतंग यात चांगले. ट्रिकमध्ये मात्र खेळ सगळा सैल दोरीचा. अ‍ॅक्सेल बघा, पतंग नाक वर ठेवून हवेत थांबवायचा म्हणजे स्टॉल करायचा, एक हात झटकन ओढायचा आणि लगेच दोन्ही दोऱ्या सैल सोडायच्या, की पतंग पोटावर आडवा होऊन स्वतःभोवती गिरकी घेतो. हे करायला पतंग दोरीचा ताण गेला की चटकन आडवा व्हायला तयार पाहिजे, म्हणजे नेमकं तेच जे सरळ रेषेत उडताना नको असतं. म्हणून दोन्हीत शंभर टक्के असं काही नसतं, आणि तसं कोणी सांगितलं तर उडवून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. माझं मत विचाराल तर पहिला पतंग थोडा प्रिसिजनकडे झुकलेला घ्या. स्टॉल स्वच्छ जमला नाही तर अ‍ॅक्सेल नुसता नशिबावर होतो, आणि स्टॉल शिकवतो तो प्रिसिजनवाला पतंगच.

आकाराचं सांगायचं तर दोन्ही पंख मिळून २.२ ते २.५ मीटरचा फुल साइज घ्या. दीड मीटरचा स्वस्त पडतो म्हणून बरेच जण तो घेतात, पण तो इतका चपळ असतो की हाताची चूक कळायच्या आत पतंग जमिनीवर. मोठा पतंग सावकाश वळतो, काय चुकलं ते डोळ्याला दिसतं. दांड्या कार्बनच्याच हव्यात, फायबरग्लास जड असतो आणि लवचिक असतो, तुम्ही हात थांबवला तरी पंख मागून हलत राहतो मग काटकोनी वळण कुठून येणार. कापड रिपस्टॉप (फाट पुढे पसरू नये अशा विणीच्या) पॉलिएस्टरचं मिळालं तर उत्तम, नायलॉन ओलसर हवेत ताणतं आणि आकार सोडतं.

मागच्या टोकाला वजन आहे का तेही बघा. पतंगाच्या मधल्या दांडीच्या शेवटी १०-२० ग्रॅमचं वजन असलं की तो पुढे-मागे कोलांटी घ्यायला सहज तयार होतो. फेड, म्हणजे पतंग पाठीवर, नाक तुमच्याकडे. त्याच्या उलट टर्टल, पाठीवरच पण नाक तुमच्यापासून लांब. आणि यो-यो, म्हणजे पतंग दोऱ्यांमध्ये स्वतःला गुंडाळून घेतो. हे तिन्ही वजनाने सोपे होतात. पण वजन म्हणजे कमी वाऱ्यात जड, म्हणून काढता-घालता येणारं असेल तर बरं. यो-यो करायचा असेल तर पुढच्या काठावर दोरी अडकून राहायला छोटे स्टॉपर लागतात, आणि पंखांच्या टोकांना दोरी अडकेल असं काही बाहेर आलेलं नको, एकदा बोट फिरवून बघा, बोट अडकलं तर दोरीही अडकणार.

ब्रायडल हा सगळ्यात नाजूक भाग. पतंगाच्या अंगावरची ही बारीक दोऱ्यांची जुळणी, हिलाच तुमच्या दोऱ्या अडकवायच्या. साधी तीन पायांची, म्हणजे दर बाजूला तीन दोऱ्यांची असली तर पतंग काय करणार याचा आधीच अंदाज येतो, मला शिकायला तीच आवडते. अ‍ॅक्टिव्ह किंवा टर्बो प्रकारांत जास्तीची दोरी असते, हाताला पतंग वेगळा प्रतिसाद देतो, त्याची सवय करावी लागते. दोरी जोडायची गाठ वर, नाकाकडे सरकवली की कमी वाऱ्यात पतंग चटकन चढतो, खाली सरकवली की वळणं धारदार होतात, ओढ वाढते आणि ट्रिकला बरं पडतं. पण सरकवायचं म्हणजे ३ ते ५ मिलिमीटर, त्याहून जास्त नाही, आणि दोन्ही बाजूंना अगदी सारखं. आधी मूळ जागेवर पेनने खूण करा, नाहीतर परत कुठे आणायची तेच कळत नाही.

पतंगाइतकंच महत्त्व दोऱ्यांना द्या. डायनिमा या मजबूत कृत्रिम धाग्याच्या घ्या, त्या फारशा ताणत नाहीत आणि इतक्या गुळगुळीत असतात की एकमेकींत दहा वेढे पडले तरी पतंग वळतो. लांबी २५ ते ३० मीटर, आणि साधारण ४० किलो ताण सोसणारी स्टँडर्डला पुरते, जोराच्या वाऱ्याला ७० किलोची. दोन्ही दोऱ्या सारख्या लांबीच्या हव्यात हे मी पुस्तकासारखं पाठ केलं होतं तरी मोजलं कधीच नव्हतं. माझा पतंग दोन महिने सतत डावीकडे ओढत होता आणि मी आपला माझ्या डाव्या हातालाच दोष देत होतो, शेवटी एका खुंटीला दोन्ही दोऱ्या अडकवून मागे ताणत गेलो तर एक दोरी तळहाताएवढी आखूड निघाली. गाठ परत बांधली आणि त्याच संध्याकाळी पहिली सरळ रेषा आली, खूप बरं वाटलं. नवीन दोऱ्याही आधी ताणून घ्या, वापरात थोड्या वाढतात.

घेण्याआधी उडवायला मिळालं तर ट्रिक्स करत बसू नका. सरळ वर न्या, काटकोनात उजवीकडे वळवा आणि नाकाकडे बघा, वळल्यावर ते दोनदा डुगडुगतं का एकदाच स्थिर होतं. मग जमिनीलगत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या, मध्ये एकदम पळतो आणि कडेला मरतो का ते कळेल. मग स्टॉल करून दोन पावलं पुढे टाका, तीन-चार सेकंद तरंगला तर पुढचं सगळं शिकता येईल.

वापरलेला घेत असाल तर कापड उजेडासमोर धरा, सुईएवढी भोकं लगेच दिसतात, आणि नाकाजवळ पुढचा काठ घासलाय का बघा, तिथेच सगळ्यात जास्त आपटतो. दांड्या काढून सपाट टेबलावर घरंगळवा, वाकडी असेल तर उड्या मारते, पण दांडीवर हात फिरवताना जपून, चिरलेल्या कार्बनची कुसळं बोटात घुसतात आणि निघता निघत नाहीत. सगळ्यात शेवटी दोन्ही बाजूंचे ब्रायडल सोडून शेजारी शेजारी ताणून धरा, गाठीसमोर गाठ आली पाहिजे. आली नाही तर किंमत कमी करून मागा, कारण ब्रायडल दुसरा बांधता येतो. पण कापड ताणलेलं असेल तर कितीलाही देत असले तरी सोडून द्या.