लेझर लेव्हलर लावण्याआधी काठी फिरवा

इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरकडच्या शेतकरी मंडळींनो, मृग तोंडावर आला. आपली काळी जमीन एकदा भिजली की ट्रॅक्टर रुततो आणि सपाटीकरण थेट पुढच्या उन्हाळ्यावर जातं. बाकीची कामं मागे ठेवा.

दरवर्षी तेच बघतो. भाड्याचं लेझर लेव्हलर, म्हणजे लेझर किरणाच्या आधाराने जमीन सपाट करणारं मशीन आलं, ताशी मीटर सुरू झालं, की काठीने उंच-सखलपणाचं रीडिंग न घेताच माती खरवडणारी बकेट लावतात. शेत डोळ्याला सपाट दिसतं ना! मग वरच्या धुऱ्याजवळ मुरूम उघडा पडतो, खालच्या कोपऱ्यात ऑगस्टात पाणी तुंबतं. सोयाबीन पिवळं पडलं की दुकानदार टॉनिकची महागडी बाटली पुढे करतो. मुळं गुदमरलीत, टॉनिक काय करणार?

आधी ट्रान्समीटरवर, म्हणजे किरण सोडणाऱ्या यंत्रावर, निचऱ्याच्या दिशेने उतार लावा, 100 मीटरला 20 सेंटीमीटर पुरे. सोयाबीनला अगदी सपाट शेत नकोच. तिपाईवरून किरण गरगर फिरत शेतावर अदृश्य छत धरतो. मापाच्या काठीवरचा, किरण टिपणारा रिसीव्हर वर-खाली सरकवत न्या, किरणाशी जुळून अखंड आवाज लागला की काठीवरचा आकडा वहीत. दर पंधरा पावलांवर एक. आकडा मोठा म्हणजे जागा खोल. निम्मे लोक इथेच उलटं वाचतात. सगळ्यांची सरासरी काढा, तो आकडा येतो तिथे बकेटचं पातं टेकवा आणि बकेटच्या खांबावरचा (मास्ट) रिसीव्हर किरणाला जुळवा. पुढे हायड्रॉलिक आपसूक उचल-टेक करतं, फरक दोन सेंटीमीटरच्या आसपास राहतो.

माझा अनुभव, पुस्तकातला नव्हे: रीडिंग सकाळी दहाच्या आत घ्या, दुपारी झळांमुळे लांबचा आकडा नाचतो. आणि एखाद्या जागी वीतभर कापावं लागत असेल तर दोन उन्हाळ्यांत वाटून घ्या, वरची माती पुन्हा मिळत नाही.

बाकीचं नेहमीचं:
- ट्रान्समीटर ट्रॅक्टरच्या टपापेक्षा उंच. किरणात बघू नये
- बियाण्याची उगवण किमान 70 टक्के
- बियाण्याला बुरशीनाशक चोळा: कार्बोक्सिन + थायरम, किलोला 3 ग्रॅम
- सुमारे 100 मिमी पाऊस झाल्यावरच पेरणी
- ओळी 45 सेंमी, खोली 2-3 सेंमी
- खालच्या धुऱ्यातून नाल्यापर्यंत चर

ऑपरेटर म्हणेल, "भाऊ, शेत नजरेत आहे माझ्या." काठी त्याच्याच हातात द्या, आणि रीडिंग होईपर्यंत मीटर बंद ठेवायला सांगा.