‘बेअर’ हे क्रियापद केळीच्या बागेत समजून घ्या

रावेरला माझ्या वर्गात इंग्रजीतलं ‘बेअर’ (bear) शिकवताना मी आधी केळीचं झाड आठवायला सांगते. निसवलं, म्हणजे केळफूल बाहेर आलं, की ते घड धरतं, त्याचं ओझं पेलतं, मे महिन्यातलं ऊन सोसतं. तिन्हींना इंग्रजीत ‘बेअर’च. वाचताना कर्म बघा: फळ असेल तर धरणं, वजन असेल तर पेलणं, दुःख असेल तर सोसणं. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकातल्या ‘टू बी ऑर नॉट टू बी’ या प्रसिद्ध स्वगतात हे क्रियापद 3 वेळा येतं. त्यात एकदा कर्म आहे गाठोडी, म्हणून आजूबाजूचं सोसणंही पाठीवर जाणवतं. तिथे मराठीत नुसतं ‘सहन करणे’ लिहिलं की ते ओझंच नाहीसं होतं, आणि मला ते खरंच खटकतं. भूतकाळी रूप ‘बोअर’. कंटाळा आणणारं ‘बोअर’ निराळं.